उघडा राहिलेला उजवा कान

कानाच्या डॉक्टरांकडे माझ्या शेजारी एक नवरा-बायको बसले होते.

"डॉक्टरांना खरं सांगा हं. नेमबाजी करताना आवाज अडवायला कानांवर इअरमफ लावत नव्हता म्हणून."

"लावत होतो गं. पण रायफलला गाल टेकवला, की इअरमफची उजवी वाटी दस्त्यावर आपटायची. मग तेवढी वर सरकवायचो."

"म्हणजे उजवा कान उघडाच! आणि लेकीने दिलेला तो इलेक्ट्रॉनिक?"

"तो झकास आहे. पातळ, दस्त्याला लागत नाही. बार उडाला की आवाज दाबतो आणि एरवी बारीकसं बोलणंही मोठं करून ऐकवतो."

"मग कपाटात का पडलाय?"

"पहिल्याच दिवशी मागे कुणीतरी कुजबुजलं, 'काका नेम धरतायत, शेजारचं टार्गेट सांभाळा रे.' इतकी वर्षं मला वाटायचं, मी उभा राहिलो की सगळे आदराने गप्प होतात."

"आणि तेवढ्यासाठी कान घालवलात?"

"आदर टिकला ना!"

"डावा तरी वाचवा आता. उद्यापासून तोच लावायचा."

"लावतो बाई. हसू देत त्यांना."

"उठा, आत बोलावतायत."

"कधी बोलावलं?"

"आत्ता तिसऱ्यांदा."