उलटी वळलेली पानं

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर सासू-सून बसल्या होत्या. सासूबाईंच्या डोळ्यांत नुकतेच थेंब घातले होते.

“डोळे मिटून बसा, आई.”

“मिटलेलेच बरे. लेस काही आता माझ्याच्यानं व्हायची नाही. ती लेस विणायची उशी, तिच्यात टोचायच्या टाचण्या, दोऱ्याची रिळं, सगळं देऊन टाक कुणाला तरी.”

“वन्संना विचारू का?”

“तिला कुठली आवड? आमच्या घरची ती वेलाची नक्षी फक्त लेकीला शिकवायची, म्हणून हात धुऊन तिच्या मागे लागले. तिनं रिळाला हात लावला नाही. संपलं.”

“मी विचारलं होतं तुम्हाला. लग्न होऊन आले तेव्हाच.”

“सुनेला शिकवायची रीत नव्हती गं आमच्यात.”

“मी समोर भाजी निवडायला बसले की तुम्ही उशी भिंतीकडे फिरवायचात.”

“फिरवायचे खरी.”

“रोज नाही आठवण राहायची तुम्हाला.”

“म्हणजे?”

“हा रुमाल बघा. कडेची लेस मी केलीय.”

“आत्ता मला काय दिसणार आहे?”

“थेंब डोळ्यांत घातलेत, बोटांत नाही.”

मी मागे वळून पाहिलं, सासूबाई मिटल्या डोळ्यांनी रुमालाची कड बोटांनी चाचपत होत्या.

“पानं उलटीकडे वळलीत गं.”

“समोर बसून शिकले ना. तुमचा उजवा हात तो माझा डावा.”

“वीण मात्र घट्ट आहे. माझ्यासारखी.”

“हो?”

“शेजारी बसवलं असतं तुला, तर पानंही सरळ आली असती.”