पाटातलं ऊन

तपासणी केंद्रात विजयश्रीचा नंबर यायला अवकाश होता. बंद दाराआड कुणा पोरीच्या मेंदूचे फोटो निघत होते. यंत्राच्या एकसुरी धडधडीनं विजयश्रीला गुंगी येत होती. शेजारी त्या पोरीची आई आणि आईचा चाकणकडचा म्हातारा सासरा बोलत होते.

"मामा, संशोधनाला आरोहीचं नि आम्हा नवराबायकोचं रक्त घेतलं. ऑटिझम घराण्यातून आलाय का, ते बघणार आहेत."

"माजं न्हाई घेत?"

"आजोबांचं लागत नाही म्हणे. आणि आत्याबाई तर म्हणतात, माझ्याच माहेरचं आलंय."

"तुजी सासू म्हनती, आन् मी सात वर्सं गप ऐकतोय. सूनबाई, सहा वर्साचा हुईस्तवर मी बोललोच न्हाई. दिसभर पाटाकडंला बसायचो. पान्यावर ऊन हलायचं, वाटायचं, त्येच बोलतंय माज्याशी. हाका मारून आई दमायची."

"आत्याबाईंना माहितीये हे?"

"कुनालाच न्हाई. आज घरी जाऊन सांगतो."

धडधड थांबली. रक्त द्यायला बसावं तशी म्हाताऱ्यानं सदऱ्याची बाही कोपरापर्यंत सारली होती.

"काय बोलायचं मामा, ते ऊन?"

"आरोही भाईर आली की तिच्याशेजारी बस. ती बघंल तिकडं बघ."