पितरांच्या पानावरचं तूप

...आणि वरून ते सोनोग्राफीवालं पोट्टं मलेच इचारते, "काका, रोज किती घेता?" घेता! अबे, तीर्थ घेतो मी, पळीभर, तेही उजव्या हातावर! मी नारायण गुरुजी, राजापेठेत चाळीस वर्षं झाले लोकाइचे श्राद्धपक्ष करून राहिलो, अन् हा माह्या पोटावर थंडगार चिकट मलम फासून, पडद्याकडे पाहून म्हणते, "लिवरले चरबी आहे काका. ग्रेड टू." म्हटलं, बाप्पा, दारूचा वास आला तरी मी रस्ता बदलतो! तर म्हणते, "हे बिनदारूचं आहे." म्हणजे पहा, पिणाऱ्याले पिल्याचं सुख तरी भेटते. आपल्याले नुसताच आजार.

अन् काहून नाही होणार? तुमाले सांगतो, माहा धंदाच जेवायचा आहे. श्राद्धाले बामण जेवते म्हणजे काय, तो सोता जेवतच नाही! पितरांच्या पाटावर बसला की तो त्या घरचा बाप, आजा, पणजा. घास मी उचलतो, पोट त्याइचं भरते. हे शास्त्र आहे, माह्या घरचं नाही. मग मले सांगा, पुरणपोळी पोचते, वडे पोचतात, खीर पोचते... तर ते वाटीभर तूपच काहून मधात अडकते? जेवण पितरांले पोचते, अन् तूप मले राहते!

शास्त्रात तर एका दिवशी एकच श्राद्ध जेवा म्हणतात. पण राजापेठेत पाटावर बसणारे उरले किती? पोट्टे सगळे पुण्याले, कॉम्प्युटरपुढं. मग अकरा वाजता इकडे, एक वाजता तिकडे, अडीचले तिसरीकडे... एका घरी आजा, दुसऱ्या घरी काका, तिसऱ्या घरी कोणाची चुलत आत्या, अन् सगळ्याइचं तूप एकाच लिवरावर!

तर रिपोर्ट घेऊन गेलो पुष्कर डॉक्टरकडे. लिवरचा मोठा डॉक्टर आहे तो आपल्या अमरावतीत, त्याची मुंज म्याच लावली. त्यानं अजून एका मशीनखाली झोपवलं, ते बरगडीवर टकटक टकटक करते, अन् आकडा पाहून चेहरा असा केला ना, की मलेच गरुडपुराण आठवलं. म्हणे, "गुरुजी, लिवर कडक व्हायला लागलंय. अजून एक पितृपक्ष असा गेला तर तुम्ही पाटावर नाही, फोटोत बसाल. तूप बंद, गोड बंद, तळलेलं बंद. सात किलो वजन कमी करा, खरं औषध तेच आहे." म्हटलं, मग ह्या चार प्रकारच्या गोळ्या कायच्या लिहून राहिला? "सपोर्टला," म्हणे. कोणाच्या सपोर्टले, ते नाही सांगितलं.

घरी आलो, प्रमोदिनीनं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीनं, कागद वाचला अन् मले हाताले धरून देवापुढं उभं केलं. "शपथ घ्या. ह्या पितृपक्षात नुसते मंत्र म्हणाल. कोणाकडे जेवणार नाही." डोळ्यात पाणी होतं तिच्या. पस्तीस वर्षांच्या संसारात ते बाई माह्यासाठी दुसऱ्यांदा रडली, तुमाले सांगतो, घेतली शपथ.

पण बातमी फुटली ना! पुरं गाव माह्या लिवरावर येऊन बसलं! आमच्या एका यजमानाची बायको जुईली, पावडरचा डब्बा घेऊन हजर. "गुरुजी, डिटॉक्स! सकाळी शेक, दुपारी शेक, लिवर एकदम लहान बाळासारखं!" म्हटलं, बाई, गेल्या साली तुह्या सासऱ्याच्या पक्षाले तूच मले आग्रह करकरून बारा वडे वाढले ना वं? तर म्हणे, "ते वेगळं, गुरुजी." कसं वेगळं? जेवण पितरांले पोचते अन् तूप मले राहते, अन् आता त्या तुपाचं औषधही तूच इकून राहिली!

परतवाड्याच्या बसस्टँडमागं एक जण बसते. म्हणे मेळघाटातल्या मुळ्या आहेत, नाडी बी न पाहता बाटली हातात देते. कडू! इतकं कडू, की दोन दिवस माह्या तोंडून शांतिमंत्र निघे तो शिवी दिल्यासारखा निघे. मग मंगल कार्यालयात मोफत लिवर शिबिर. कोण्या गोळीवाल्या कंपनीचं. इकडून मशीनची लाइन, तिकडून बाहेर निघालं की नाश्ता. काय असन सांगा नाश्ता? कचोरी! दोन-दोन! वरतून लाल चटणी! अन् माहा साळा पिंटू, बावन्न वर्षांचा आहे पण पिंटूच, त्याचा अकोल्याहून फोन, "भाऊजी, आता इंजेक्शन निघालं. हप्त्यातून एक टोचा, भूकच मरते." अबे, भूक मेली त माहा धंदा मेला! श्राद्धाले भूक मेलेला बामण कोण बोलावन रे?

तरी शपथ पाळली. नऊ दिवस! मंत्र म्हणो, दक्षिणा घेवो अन् पान वाढायच्या आत चपला घालो. लोकाइचे तोंडं पाहायचे तुमी! "गुरुजी, आमचे पितर उपाशी ठेवता काय?" दोघाइनं तर माह्या देखत बडनेऱ्याच्या गुरुजीले फोन लावला, "जेवणारा माणूस पायजे." चाळीस वर्षाचे यजमान, तुमाले सांगतो, एका वड्यावरून तुटले. वाईट वाटलं मले, लय वाईट वाटलं. पण वजन दोन किलो उतरलं होतं.

अन् नवमीच्या संध्याकाळी फोन आला. कोणाचा? पुष्कर डॉक्टरचा! "गुरुजी, उद्या दशमीले आमच्या आप्पांचा पक्ष आहे. पाटावर तुमीच बसा." मी प्रमोदिनीकडे पाहिलं. ते म्हणते, "जा. पुऱ्या गावात तेच एक घर आहे जिथं तुमच्या जीवाले धोका नाही." तिची चूक नाही. मलेही तसंच वाटलं.

गेलो. डॉक्टर सोवळं नेसून उभा. माहे पाय धुतले, पुसले, गंध लावलं, पाटावर बसवलं. अन् पान आलं... पुरणपोळी, वडे, भजे, खीर, कढी, अन् वाटी! काठोकाठ तूप! मी हळूच म्हटलं, "डॉक्टर, माहा रिपोर्ट..." तर म्हणते, "रिपोर्ट दवाखान्यात, गुरुजी. आज तुमी आप्पा आहात." म्हटलं ठीक आहे, अर्धी पोळी मानाची खाल्ली, अन् पानावर हात आडवा धरला.

तेवढ्यात त्याची माय, गोदाबाई, सैपाकघराच्या दारातून म्हणते, "वाढ रे पुष्कर. दोन वर्षं उकडलेला दुधी घातला आपण त्याइले. लिवरच होतं त्याइचंही. सुपारीचं खांड नाही खाल्लं कधी त्या माणसानं. शेवटच्या दिवाळीले ह्याच्यापुढं हात जोडले हो गुरुजी त्याइनं... बापानं पोरापुढं! 'अर्धी पोळी दे' म्हणे. ह्यानं नाही देऊ देली."

अन् पाहतो तर काय, एवढा मोठा डॉक्टर हातात पोळीचं ताट घेऊन ढसाढसा रडून राहिला. "आप्पा, घ्या. आता मी नाही म्हणणार नाही. घ्या आप्पा." आप्पा! मले!

आता सांगा, काय करता तुमी? शपथ सांगता? कोलेस्टेरॉल सांगता? खाल्ल्या. सहा पोळ्या खाल्ल्या! तो "तृप्ताः स्थ?" इचारे, मी "तृप्ताः स्मः" म्हणो, अन् त्याचं समाधानच होईना, की टाकली अजून एक, वरतून तूप. जेवण पितरांले पोचते अन् तूप मले राहते, हे तर होतंच. त्या दिवशी पश्चात्तापही माह्याच पानात वाढला. राग आला मले. लय राग आला. त्याचं रडणं खरं होतं हो, पण लिवर माहं होतं.

अन् राजापेठेत गोष्ट राहते काय? दिवे लागायच्या आत झालं सगळीकडे, "गुरुजी डॉक्टरकडे सहा पोळ्या जेवले!" दुसऱ्या दिवशी जो तो, "काहून गुरुजी, डॉक्टरची पोळी पचते, अन् आमचा वडा नाही पचत?" मग कोणत्या तोंडानं नाही म्हणू? सर्वपित्री अमावास्येपर्यंत जेवत गेलो. रोज. दोन-दोन घरं. घरी आलो की प्रमोदिनी पाण्याचा गिलास ठेवे अन् माह्याकडे पाहे नाही.

दिवाळीच्या तोंडावर परत मशीन. टकटक टकटक. आकडा वाढलेला. डॉक्टर आकड्याकडे पाहते, मी डॉक्टरकडे. म्हटलं, "आप्पा तृप्त झाले काय तुमचे?" खाली मान घालून म्हणते, "रोज स्वप्नात यायचे, गुरुजी. हात जोडून. त्या दिवसापासून नाही आले." मग अजून एक गोळी लिहिली त्यानं. अन् मी दरवाजापर्यंत पोचलो त मागून म्हणते, "गुरुजी... पुढच्या वर्षीही तुमीच याजा."

घरी आलो. प्रमोदिनी दुधी चिरत बसली होती. तिनं आकडा वाचला अन् परत दुधी चिराले लागली. म्हटलं, ऐक. उद्या माहं काही झालं, अन् माह्या पक्षाले जो कोणी गरीब पाटावर बसन ना, त्याले हा दुधी वाढजो. उकडलेला. बिनतुपाचा. तर म्हणते, "अहो, श्राद्धाले दुधी चालत नाही, तुमीच तर सांगता लोकाइले!" म्हटलं, चालवून घेजो. अन् कोणी इचारलंच, तर सांगजो, ह्याइच्या लय आवडीचा होता.