उंटिणीने घातलेलं पाणी

तपासनीस : …चार वेळा पाहिलं, आजोबा. लॅक्टोमीटर पार तळाला जातोय. दुधात पाणी आहे.

उंटवाला : आहे की. पण मी नाही घातलं, उंटिणीने घातलं.

तपासनीस : परवा म्हणालात, हिच्या जांभईत चिमणीने घरटं बांधलं.

उंटवाला : लांबली होती जांभई.

तपासनीस : हसण्यावारी नेऊ नका. पाणी सापडलं की दूध केंद्रातून नाव कायमचं कापतात.

वहिनी : बाई, माझ्या या दिराच्या थापा मी चाळीस वर्षं ऐकतेय. पण दुधात घालायला पाणी आणणार कुठून? हापसा बंद पडून अकरा दिवस झाले.

तपासनीस : मग तुमच्या गाईचं दूध कसं ठीक आलं?

वहिनी : लांबून दोन घागरी आणतो, त्या गाईलाच जातात. पाणी तुटलं की ती आटते. उंटीण कळ काढेल, म्हणाले भावोजी.

तपासनीस : म्हणजे उंटीण अकरा दिवस तहानलेली?

उंटवाला : आणि वर हे ऊन. स्वतः कोरडी पडली, पण पिलाची तहान कोण भागवणार? म्हणून साय कमी करते, पाणी वाढवते.

तपासनीस : चारा बदललात तरी फरक पडतो. शिवाय पहिली धार पातळच असते, दाट दूध शेवटी येतं. माझ्यासमोर काढा, अगदी शेवटपर्यंत.

उंटवाला : चारा तोच आहे. चला. आधी पिलू लावतो, त्याशिवाय ती पान्हा सोडायची नाही.

(एका पायावर उभा राहून, दुसऱ्या गुडघ्यावर भांडं तोलत तो धार काढतो. तपासनीस भांड्यावरची नजर हलवत नाही.)

तपासनीस : यंत्रावर फॅट सव्वा टक्का. गेल्या महिन्यात साडेतीन होतं.

वहिनी : शेवटच्या धारेसकट?

तपासनीस : शेवटच्या धारेसकट. बारा वर्षं दूध तपासतेय मी, आणि हिलाही गाईचंच माप लावत बसले.

वहिनी : भावोजी, म्हणजे ही थाप नव्हती?

उंटवाला : मला इतकं चांगलं रचता आलं असतं का, वहिनी?

तपासनीस : शेरा लिहिते. उंटीण तहानलेली, भेसळ नाही. नाव राहील तुमचं.

उंटवाला : मग हे ओतू तुमच्या कॅनमध्ये?

तपासनीस : नको. ज्याच्यासाठी तिने पातळ केलंय, त्याला पाजा.