जेरेमियास हजर

आमच्या बेइरा शहरातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी दोन म्हातारे बसले होते. दोघंही तरुणपणी सरकारच्या वतीनं पूर्व जर्मनीत ओतकाम शिकायला गेलेले.

"झेफानियास, निरोपाच्या समारंभात जेरेमियासच्या नावाला 'हजर' तूच म्हणालास ना?"

"म्हणायचं ठरलं होतं. तो अपघातात मेला त्याला आठवडाही झाला नव्हता. साहेब म्हणाले, दोन्ही देशांचे मंत्री येणार, मैत्रीचा दिवस आहे, अपघाताचं नावही काढायचं नाही. त्याचं नाव पुकारलं की तू हजेरी दे आणि प्रमाणपत्र घे."

"मग दिलीस की."

"नाही रे. मी तोंड उघडायच्या आत मागून आवाज आला."

"कुणाचा?"

"तू तिथंच होतास, आर्मिंदो. तूही ऐकलास."

"मी मागं वळून पाहिलं नाही."

"कुणीच पाहिलं नाही. मंत्री टाळ्या वाजवत होते. मी पुढं जाऊन प्रमाणपत्र घेतलं आणि परत आल्यावर त्याच्या आईकडं नेलं."

"तिला कुणी कळवलं होतं?"

"कोण कळवणार? मीच सांगणार होतो. तर म्हातारीनं दोन ताटं वाढलेली. म्हणाली, 'बस बाळा. तो कालच आलाय. नदीवर अंघोळीला गेलाय, येईलच इतक्यात.'"

"मग सांगितलंस?"

"हात धुतले आणि वाट बघत बसलो."

"अरे, पण तो गेलेला तुला माहीत होतं."

"खांदा दिला होता मी त्याला. म्हणून तर दाराकडं पाठ करून बसलो."