वरची नळी

(घराला लागून असलेलं गॅरेज. जुन्या गाडीचं बॉनेट उघडं. मुलगी इंजिनावर वाकलेली. वडील खुर्चीत, उजवा हात मांडीवर ठेवलेला.)

वडील : पकड लाव आणि एक हिसका दे. निघते की नाही बघ.

मुलगी : हिसक्याचं नाव काढू नका. हीटरची नळी अशीच पिरगाळलीत, तर पितळी तोंड मुळापासून हातात आलं. दुसरं मिळवायला सात महिने हिंडले मी.

वडील : ते आधीच गेलेलं होतं.

मुलगी : तुमच्या हातून जातं ते आधीच गेलेलं असतं. ब्लेड द्या.

वडील : घे, मिस्त्रीणबाई. उभी चीर दे. खोल जाऊ नकोस.

मुलगी : माहितीये... निघाली बघा, सालीसारखी. धरा.

वडील : रबर कुठलं, लाकूड झालंय हे. दाबलं जात नाही.

मुलगी : डाव्या हाताने दाबा, बाबा.

वडील : ...हां. मोडली. तुम्ही दोघं मागच्या सीटवर भांडायचात, तेव्हाची आहे ही.

मुलगी : कोण भांडत होतं? एका खिडकीशी दादा, दुसरीशी आत्या. मी मधे, पाय पोटाशी घेऊन. मधल्याला भांडायला काही नसतंच.

वडील : बरं. किती राहिल्या?

मुलगी : अकरातल्या दोन. ही रेडिएटरची खालची आत्ता बसवते. वरची संध्याकाळी.

वडील : वरची राहू दे.

मुलगी : का? सगळ्यांत वाईट तीच आहे. टोकाशी फुगलीये.

वडील : जुनी काढून टाक. नवी नुसती शेजारी ठेव. शनिवारी तुझा दादा येतोय, तो बसवेल. सूनबाई फोटो काढेल.

मुलगी : दादाला रेडिएटर दाखवावा लागेल आधी, कुठे आहे तो.

वडील : टोमणे नकोत. रविवारी गाडी घेऊन जाणार आहे तो. आपला हात लागलाय असं वाटायला हवं ना त्याला.

मुलगी : घेऊन म्हणजे? फिरवायला?

वडील : त्याच्या घरी. कागदांवर सही केलीये मी.

मुलगी : कधी?

वडील : झाले आठ दिवस. तू गाडीच्या रंगाचं बघायला गेली होतीस तेव्हा.

मुलगी : तीन वर्षं, बाबा. एक रविवार सोडला नाही मी.

वडील : तुला आवड होती म्हणून केलंस. मी म्हटलं होतं का, कर म्हणून?

मुलगी : नाही. तुम्ही फक्त खुर्ची आणून बसलात.

वडील : त्याला शब्द दिला होता लहानपणी. मोठा झालास की गाडी तुझी.

मुलगी : ऐकलाय मी तो. मधेच बसले होते.

वडील : तो विचारतो तरी फोनवर. कुठवर आलं काम, म्हणून.

मुलगी : आणि तुम्ही काय सांगता?

वडील : सांगतो, चाललंय आमचं हळूहळू.

मुलगी : आमचं नाही. भिंतीपलीकडेच असते मी. ‘मी करतोय रे’ म्हणता.

वडील : ...त्याला हाताचं सगळं सांगितलेलं नाही अजून. उगाच काळजी करत बसेल.

मुलगी : सरका जरा. उजेड अडवताय.

वडील : नळीला आतून साबणाचं पाणी लावलंस का? नाहीतर चढायची नाही.

मुलगी : चढली.

वडील : क्लिप?

मुलगी : आवळली.

वडील : बेताने ना?

मुलगी : बेतानेच.

वडील : तेवढंच एक आहे बघ. त्याला अंदाज नाही. आवळत सुटेल आणि नवं रबर कापून ठेवेल. तू असं कर, त्याचं झालं की क्लिप जराशी सैल कर आणि पुन्हा नीट आवळ. त्याच्यादेखत नको.

मुलगी : मग कधी?

वडील : तो गेला की.

मुलगी : गाडी घेऊनच जाणार ना तो, बाबा?