बापाले सांगतलं, मले नाई

मी राजुऱ्याकडचा, ढिवराचा पोरगा. बापासंगं तलावात जाळं टाकतो, आन् दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या नाटकात कामेडीचा पार्ट करतो, मास्तर म्हना, तलाठी म्हना, कोनाचाही आवाज काढून देतो. पन काय सांगू तुम्हाले, ह्या एका गोष्टीची नक्कल कराले गेलो का मलेच राग येते.

माह्या लघवीच्या जागेची चामडी लहानपनापासून आवळ, मांगं सरकेच नाई, जळजळ व्हायची. लगन ठरलं तवा दवाखान्यात गेलो, डाक्टर म्हने सुंता करा लागते, आपरेशनच हाय, धरमाचं काई नाई त्याच्यात. केलं. आता आयका. सुट्टी देताना डाक्टरनं बापाले बाजूले घेतलं आन् कानात खुसूरखुसूर. मी काय पाळन्यात होतो? मिशी हाय मले.

पुढं कळलं का डाक्टरनं सांगतलं होतं, सूज उतरली का आंगोळीच्या टायमाले उरलेली चामडी रोज हळूच मांगं सरकवाची, मलम लावाचा, नाईतं चिकटते. बापानं घरी येऊन मले काय सांगतलं? हात लावू नोको. बस. एका डोंग्यात आम्ही दिवसभर राह्यतो, मासोळीच्या गाभोळीवर घंटाभर बोलते माहा बाप, पन हे नाई बोलला. मीबी मोठा आज्ञाधारक, नाई लावला हात.

चामडी चिकटली बोंडाले. जरा ओढ बसली का डोळ्यात पानी. सासरचे विचारून राह्यले लगन काऊन ढकलता, तं बाप सांगे पोराले कावीळ झाली. कावीळ. आता मी पिवळा कुठून होऊ?

पुन्हा दवाखान्यात गेलो तं डाक्टर बापावरच तापला, सांगतलं होतं ना तुले. मले असा संताप आला, मी डाक्टरच्याच आवाजात डाक्टरले म्हनलं, पेशंट कोन हाय, बाप का मी? सिस्टर तोंडाले रुमाल लावून भायेर पळाली. डाक्टर नाई हासला. मले खुर्ची देल्ली आन् पयल्यांदा माह्याकडं पाहून बोलला. मंग जागा बधिर करून चिकटलेलं सोडवलं.

येताना मी इचारलं, काऊन नाई सांगतलं बाबा?

बाप रस्त्याकडं पाहत म्हने, बापानं पोराले असं सांगते का रे.

मंग चिकटू देते का, मी म्हनलं.

आता जखम भरून राह्यली, लगन उन्हाळ्यात हाय. रोज सकाळी मी न्हानीत शिरलो का बाप बांबूच्या तट्ट्याभायेर येऊन खाकरते, आन् आख्ख्या मोहल्ल्याले आयकू जाईन अशा आवाजात विचारते, केलं का रे, मलम लावला का. लाज आता मले येते. पन देव करो, हरेक पोराच्या न्हानीभायेर असा एक बाप उभा राहो, आन् चिकटाच्या आदी राहो.